छोट्या सोबत्याचा रिमोट

ती. वहिनी,

जिथे असाल तिथे माझा नमस्कार पोचो.

परवा सकाळी देवाला हात जोडून मी थेट दादाकडे गेलो. तुम्ही गेल्यापासून तो एकटाच भिंतीकडे बघत बसतो. 'माझ्याकडे राहायला चल' म्हटलं की मान फिरवतो. या वेळी काही न बोलता माळ्यावरून तुमचा जुना व्हिडिओ गेम काढला, कॅसेटवर फुंकर मारली आणि टीव्हीला जोडला.

त्या खेळाच्या दुसऱ्या भागात नायकामागे छोटा सोबती धावतो. तो कितीदा पडला तरी उडत परत येतो. गावची शाळा संपवून तुमच्याकडे आलो, तेव्हा तुम्ही स्वतः नायक होऊन मला त्याचाच रिमोट दिला होतात. "भाऊजी, बिनधास्त पडा, मी आहे ना पुढे!" त्या भरवशावर मी उभा राहिलो, वहिनी.

परवा तो रिमोट दादाच्या हाती दिला आणि नायक मी झालो. पहिल्याच खड्ड्यात पडलो.

"गाढवा, तिनं एवढंही शिकवलं नाही?" दादा ओरडला आणि कितीतरी दिवसांनी हसला.

"मग तू शिकव. घरी चल."

"तुझी बायको हाकलेल मला."

"तिनंच पाठवलंय."

या वेळी त्यानं मान फिरवली नाही. काल दुपारी त्याची खाट, त्याचे कपडे आणि तो स्वतः, सगळं आमच्या घरी आणलं.

तुमच्या मायेचा ऋणी,
धाकटा दीर