उभ्या गाडीची बॅटरी

ऐरोली,
११ फेब्रुवारी १९९६

ती. हौसेरावदादा यांना,

ऐरोलीहून तुमच्या भावोजींचा, कमळाकरचा, वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे खरंच वाकून. गाडी ढकलून ढकलून कंबर अशी धरली आहे की ताठ उभं राहून नमस्कार करणं जमतच नाही.) तुम्ही, वहिनी आणि मुलं खुशाल असाल. तुमचा खडीचा डंपरही नीट चालत असेल. चालणारच, तो तुमचा आहे, माझा नाही. इकडे तुमची बहीण सुचिता बरी आहे, बाळ पोटात लाथा मारतंय, आणि आई, म्हणजे आमच्या सासूबाई, ठणठणीत आहेत. घरात तब्येत बिघडली आहे ती फक्त माझी आणि गाडीची.

पहिलं बाळंतपण खरं म्हणजे तुमच्याकडे उरणला व्हायचं. पण सुचिताचं बीपी वाढलं आणि वाशीच्या डॉक्टरीणबाईंनी प्रवासाला साफ नकार दिला, म्हणून ती माहेरी जायच्या ऐवजी माहेरच आमच्याकडे राहायला आलं. बाईंनी मला समोर बसवून बजावलं, की कळा सुरू झाल्या की घड्याळ बघत बसायचं नाही, तडक गाडीत घालून आणायचं; उशीर झाला तर आई आणि बाळ दोघांनाही धोका आहे. मी छाती काढून म्हटलं, आपली घरची गाडी आहे, टेन्शन नाही. आणि दादा, जिच्या जिवावर मी छाती काढली, ती फियाट तेव्हापासून उभ्या उभ्या मान टाकते आहे.

चालवली तर काही तक्रार नाही. रविवारी दिवाळे गावी चिंबोऱ्या आणायला नेली, गाणी ऐकत गेलो, गाणी ऐकत आलो. मग दोन-तीन दिवस बिल्डिंगखाली उभी राहिली, किल्ली फिरवली, तर नुसतं 'खट्'. बॅटरी ठार उतरलेली. मी बॅटरीत पाणी घातलं, टर्मिनलवरची पांढरी बुरशी गरम पाण्याने धुतली, रबाळ्याला नेऊन चार्ज करून आणली. पुन्हा खट्. गॅरेजवाल्याने इंजिनाचा पट्टा बदलला. पुन्हा खट्. शेवटी नवी कोरी बॅटरी घातली. तीही दोन-तीन दिवसांत जुनीच्या वळणावर गेली. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, थंडीने होतं असं. (ऐरोलीची थंडी! म्हणजे आम्ही पंखा पाचावरून तीनवर आणतो ती.) तळमजल्यावरच्या जाईबाईंनी गाडीवरून लिंबू ओवाळून टाकलं आणि त्याच लिंबावर मी घसरलो. सुचिताला विचारलं, प्रसंग आला तर रिक्षाने जाशील का, तर ती म्हणाली, ठाणे-बेलापूर रोडच्या खड्ड्यांतून रिक्षाने गेले तर वाशीपर्यंत दवाखान्याची गरजच उरणार नाही. तिचं चुकलं नाही, पण मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

अखेर समोरच्या बिल्डिंगमधल्या रशीदला साकडं घातलं. हा मूळचा मुरुडचा, तळोज्याच्या एका कारखान्यात मीटरबिटर बघतो, आणि बोलायला लागला की थांबत नाही. तो कारखान्यातला मीटर घेऊन आला आणि बॉनेट उघडून भाषण सुरू केलं, की कमळाकर, गाडी बंद असतानाही तिच्यात काहीतरी चालू आहे आणि ते गुपचूप करंट खातंय, चोर घरातलाच आहे. त्याने बॅटरीची एक वायर सोडवून मधे मीटर लावला, तर खरंच काटा वर! मग एकेक फ्यूज काढत गेलो. ज्या फ्यूजला काटा पडेल तिथे चोर. हॉर्नचा काढला, वायपरचा काढला, हेडलाइटचा, टेपचा काढला, सगळे फ्यूज माझ्या रुमालात आले, तरी काटा ढिम्म हलेना. मग आम्हाला चेव चढला. टेप उपसला, डिकीचा बल्ब काढला, हॉर्न खोलला, मागची सीट बाहेर काढून पार्किंगमध्ये मांडली. (तिच्यावर सोसायटीतली म्हातारी मंडळी येऊन बसली, ती संध्याकाळपर्यंत उठली नाहीत.)

वर गॅलरीत आई सुकट निवडत बसल्या होत्या. रशीदचं कोपर जरा डॅशबोर्डाकडे गेलं की वरून हाक यायची, "रं बाबा, देवीचे फोटूला धक्का नको लावू!" कारण डॅशबोर्डावर कार्ल्याहून आणलेला एकवीरा देवीचा फोटो आहे आणि त्याच्याखाली एक लाल दिवा. रशीद बिचारा आदबीचा माणूस. म्हणाला, तो तुमच्या देवीचा दिवा आहे, तिकडे माझा हात जाणार नाही. मला त्याचं कौतुक वाटलं. मीही फडक्याने दिव्याच्या आजूबाजूला अलगद पुसून घेतलं, नमस्कार केला आणि पुन्हा सीटखाली डोकं घातलं. दादा, मी बीएस्सी आहे. रशीद डिप्लोमावाला आहे. आणि आम्ही दोघे अक्कलवान, बंद गाडीत चालू काय राहिलंय ते शोधत होतो, त्या दिव्याच्या लाल उजेडात!

सुचिता चहा घेऊन खाली आली. वाकून आत बघितलं आणि सहज म्हणाली, किल्ली तर तुमच्या खिशात आहे, मग हा दिवा कशावर पेटलाय? आम्ही दोघे ग्रीसच्या हातांनी आईंना विचारायला वर पळालो. चहा तसाच गार झाला.

मग सगळं बाहेर आलं. सुचिताच्या सुखरूप सुटकेसाठी आईंनी देवीपुढे अखंड दिवा बोलला होता, आणि तो घरात नाही, तर जी गाडी लेकीला दवाखान्यात नेणार त्या गाडीत. मला वाटलं होतं, शोभेचा आहे, किल्लीबरोबर बंद होत असेल. वायर जोडली होती नंदकुमारने, म्हणजे गावच्या जत्रेत लायटिंग करतो त्याने. त्याला बोलावून झापलं, तर तोच छाती फुगवून म्हणाला, आईंनी अखंड सांगितला होता, मग फ्यूजमधून कसा देऊ? फ्यूज उडाला तर पाप कोणाच्या माथी? म्हणून डायरेक्ट बॅटरीवर! वर मला विचारतो, काम कसं वाटलं.

मी आईंना हात जोडले. म्हटलं, आई, हा दिवा पेटता राहिला तर ऐन वेळी गाडी चालू होणार नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, "माजे पोरीची सुटका होय तवर यो दिवा इजवाचा नाय. गारीचा काय, गारी देवी चालवंल." अहो, देवी चालवेल, पण तिलाही स्टार्टर लागतोच ना! सुचिताला म्हटलं, तू समजाव. ती म्हणते, आईचं मन मोडू नका, आणि मला रिक्षात बसवू नका. आता दोन्ही कसं जमवायचं ते सांगायला ती तयार नाही. तेव्हा मी रोज सकाळी बॅटरी भरायला गाडी घेऊन सेक्टरभर उगाच फिरतो. भाजीवाल्यांना वाटतं, मी ड्रायव्हिंगचा क्लास लावलाय. एखाद्या सकाळी ऑफिसला लवकर पळावं लागलं आणि फेरी चुकली की दुसऱ्या दिवशी पुन्हा धक्का. बेलापूरला आमचे साहेब विचारतात, रोज हाताला ग्रीस कसलं लागतं. काय सांगू, नवस बोललाय म्हणून?

आई फक्त तुमचं ऐकतात. तर दोन कडक ओळी त्यांना लिहा, की दिवा काढा. माझं नाव मात्र मधे येऊ देऊ नका.

वहिनींना नमस्कार, मुलांना गालगुच्चे.

तुमचा त्रासलेला,
कमळाकर

ता. क. आईंना पत्र लिहू नका. वरचं लिहून ठेवलं आणि दुपारी मायलेकी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात बीपी तपासायला चालत गेल्या तेव्हा पक्कड घेऊन गाडीत बसलो. म्हटलं, कापावी वायर, संध्याकाळी सांगू बल्ब गेला म्हणून. कोणी बघत नव्हतं. पक्कड लावलीही. पण दादा, दाबवेना. करंटचं सगळं शास्त्र मला येतं, पण सुचिताला काही झालं तर मी ते कोणाला सांगत बसू? भीती वाटते हो. तेव्हा असं करा, तुमच्या डंपरची जुनी बॅटरी मिळेल त्या माणसाबरोबर पाठवून द्या. दिवा तिच्यावर जोडतो, गाडीची बॅटरी गाडीला राहू दे.

ता. ता. क. (दुसरा दिवस.) बॅटरी पत्र मिळताच पाठवा आणि पूर्ण चार्ज करून पाठवा. आज सकाळी दिवा जरा मंद वाटला. आईंना अजून कळू दिलेलं नाही. सोसायटीवाल्यांकडून धक्का मारून गाडी चालू करून घेतली आहे, ऑफिसला दांडी मारली आहे आणि दिवा विझू नये म्हणून एक्सिलेटरवर पाय ठेवून आत बसलो आहे. अक्षर हलतंय ते त्यामुळे.