मार्लिसची घंटी

३० मार्च, शुक्रवार

पुन्हा तेच! मोटरसायकलची मूठ सोडली रे सोडली की सायलेन्सरमधून फटाक्यांची माळ. उतारावरून घरी आलो तर शेजारच्या गुस्टाडबाईंचा कुत्रा पलंगाखाली जाऊन बसला म्हणे.

दुखणं मीच ओढवून घेतलंय. हिवाळाभर गॅरेजमध्ये हीटर लावून बसलो, इंजिनात जास्त हवा ओढणारे मोठे कॅम घातले, नवे सायलेन्सर लावले. कशाला? घरात बसवत नव्हतं म्हणून. मार्लिस गेल्यानंतरचा, बायकोविना हा दुसरा हिवाळा. आता इंजिन नवं, पण त्याला पेट्रोल किती पाजायचं ते गणित जुन्या इंजिनाचंच. उपाशीपोटी पळतंय बिचारं. म्हणून तापतं, म्हणून खोकतं.

लेलँड असता तर प्रश्नच नव्हता. गाडी डायनोच्या रोलरवर बांधायचा, जागच्या जागी पळवायचा, पेट्रोल-हवेचं जुळवून द्यायचा. वर मार्लिससाठी कॉफी. पण तो गेला ॲरिझोनाला मुलाकडे, उन्हात वाळायला. आता डायनोवाला विश्वासाचा कोण?

संध्याकाळी बारमध्ये, शुक्रवारच्या माशाच्या ताटावर, दोस्तांपुढे विषय काढला. डेल्मर म्हणाला, "ला क्रॉसला ट्रेंट म्हणून पोरगा आहे. ताकदीचा आकडा काढतो!" व्हर्न म्हणाला, "आकडा काढतो आणि इंजिनही." मग दोघांची जुंपली. माझा मासा गार झाला.

मे महिन्यात चर्चच्या अंगणात गाड्यांना आशीर्वाद असतो. तिथे जायचंय. मागच्या वर्षी गेलो नाही, गाडीला हातच लावला नाही. यंदा जायचं. खोकणाऱ्या गाडीवरून नाही.

१ एप्रिल, रविवार — ईस्टर

सकाळी गाडी धुतली. चकचकीत केली. चौकटीखाली लटकणारी छोटी घंटीसुद्धा जुन्या दातब्रशने घासली. मग चारी बाजूंनी फोटो काढले. दुकानं फोनवर विचारतात, काय काय बदललंय, फोटो पाठवा.

दुपारी जनेल हॅम घेऊन आली. आल्या आल्या, "बाबा, गाडीचं काय ठरवलंस?" दर वेळी हेच. मी म्हटलं, "बघतोय." तिला ती विकायला हवी आहे, हे काय मला कळत नाही? माझे गुडघे, माझे डोळे, माझं वय. तोंडाने बोलत नाही, एवढंच.

घडीच्या खुर्च्या आणायला गॅरेजमध्ये गेली ती बराच वेळ आलीच नाही. आली ती खुर्च्या न घेताच. गोड न खाताच निघाली — रुबार्बच्या आंबट देठांची पाई, आईच्या पद्धतीची, तिच्यासाठीच केलेली! गॅरेजमध्ये अजून मार्लिसचं हेल्मेट खिळ्याला आहे. ते बघून भरून आलं असेल.

१४ एप्रिल, शनिवार

बर्फ! एप्रिलच्या मध्यात! दार उघडेना. गाडी चादरीखाली.

जुने सायलेन्सर काढले तरी फेकले नाहीत. भिंतीवर टांगलेत. उजव्या बाजूच्या खालच्या सायलेन्सरवर काळा डाग आहे, रबराचा, जळून चिकटलेला. मार्लिसचा बूट. पहिल्याच लांबच्या सफरीत पाय टेकवून झोपली होती बाई! गाडीवर झोपणारी बायको कुणाची असते का? मी वास आला म्हणून थांबलो तर म्हणते, "काय झालं, आलं का गाव?" बुटाचा तळ अर्धा गेलेला. त्याच बुटाने लंगडत हॉटेलात शिरली आणि वेट्रेसला सांगितलं, "यांच्या गाडीने माझा पाय खाल्ला."

किती वेळा घासायला गेलो तो डाग. तिने कधी घासू दिला नाही.

२१ एप्रिल, शनिवार

ट्रेंटकडे गाडी सोडली. रस्त्यावर बर्फ वितळवायचं मीठ अजून आहे, लोखंड गंजतं, म्हणून व्हर्नच्या ट्रेलरवरून नेली. चढवताना व्हर्न असा ओरडत होता — "डावीकडे! माझं डावीकडे, तुझं नाही!" — की मला माझाच श्वास ऐकू येईना.

दुकान झकपक. भिंतीभर आकड्यांचे कागद फ्रेम करून लावलेले, कुणाच्या गाडीने किती ताकद दाखवली ते. ट्रेंट म्हणाला, "काका, शंभरच्या वर काढून देतो, बघाच!" मी कुठे चालवतो, कसा चालवतो, काही विचारलं नाही. लेलँड आधी तेच विचारायचा. मी पण बोललो नाही. शंभर ऐकून तोंडाला पाणी सुटलं, खोटं कशाला लिहू.

२६ एप्रिल, गुरुवार

एकशे चार! ट्रेंटने कागद हातात दिला तेव्हा मी लहान पोरासारखा हसलो.

रस्त्यावरचं मीठ पावसाने धुतलं होतं, मग गाडीवरूनच घरी निघालो. मोठ्या रस्त्यावर मूठ पूर्ण पिळली तर राक्षस. पण घराकडच्या काउंटी रोड पी वर, चढावर, अर्ध्या मुठीत — धक्के, धक्के, धक्के. फटाके कमी झालेत, पण मांडी भाजतेच. मी आयुष्यात मूठ पूर्ण पिळतो किती वेळा? आकडा घेऊन काय लोणचं घालू?

हे परवडलं. पुढचं नाही. गाडी गॅरेजमध्ये मागे ढकलत नेली — आणि आवाज नाही. ढकलताना ती वाजते. इंजिन चालू असलं की ऐकू येत नाही, पण ढकलताना नेहमी वाजते. खाली वाकून पाहिलं. चौकटीला नुसता हुक.

घंटी गेली. मार्लिसची घंटी गेली!

२७ एप्रिल, शुक्रवार

ट्रेंटला फोन केला. "काका, शपथ घेतो, मी घंटी बघितलीच नाही." बघितली नाही! रोलरवर गाडी बांधताना पट्टा तिथूनच जातो. काढली असेल, टाकली असेल कुठे कोपऱ्यात, झाडून नेली असेल कुणी. फोनवर नको ते बोललो.

माशाच्या ताटावर सगळ्यांना सांगितलं. टेबलच नाही, अख्खा बार ऐकत होता. घंटी म्हटल्यावर सगळ्यांनी ग्लास खाली ठेवले. इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. रस्त्यावरची भुतं त्या घंटीत अडकतात म्हणे. मानत कुणी नाही आणि बिनघंटीचं बसतही कुणी नाही. स्वतः विकत घेतलेली चालत नाही, दुसऱ्याने द्यावी लागते. आणि गाडी विकायची झाली तर घंटी आधी काढून घ्यायची. ती गाडीबरोबर जात नाही, ज्याला दिली त्याच्या घरात राहते.

व्हर्न म्हणाला, "माझा पुतण्या शनिवारी ट्रेंटकडे जाणार होता. आता जात नाही." आणखी दोघे तसंच म्हणाले. बरं वाटलं. मनापासून बरं वाटलं.

डेल्मर निघताना हळूच म्हणाला, "अरे ऑरिन, मी देतो ना तुला एक." चांगला आहे डेल्मर. मी नको म्हटलं. मार्लिसने ती पहिल्या आशीर्वादाला दिली होती, पाद्री पाणी शिंपडत पुढे सरकला तेव्हा. खिशातून काढली, चिखलात गुडघे टेकले आणि स्वतः बांधली. मग पाद्र्याला परत बोलावलं — "फादर, माझ्या बाजूला पडलंच नाही पाणी!" त्यानंतर दर वर्षी तो आधी तिच्या बाजूला शिंपडायचा.

३ मे, गुरुवार

लेलँडला फोन लावला. शेवटी! आधीच लावायला हवा होता. तो म्हणाला, "पॉलेटकडे जा. जुन्या चीज फॅक्टरीत बसते. पाटीबिटी नाही. तुला ती आधी आवडणार नाही."

५ मे, शनिवार

आवडली नाही! बाई पन्नाशीची, बापाची चीज फॅक्टरी बंद पडली तिथे डायनो टाकलाय. जिथे दुधाच्या टाक्या होत्या तिथे रोलर. अजून आंबूस वास येतो. ट्रेंटचा कागद दाखवला तर ढुंकून पाहिलं आणि त्यावर कॉफीचा कप ठेवला.

"आकडा खरा आहे," म्हणाली. "पण तो वरच्या टोकाचा. तुम्ही राहता खाली, अर्ध्या मुठीत. तिकडे त्याने हातच लावला नाही. तिकडे काम करायला वेळ जातो आणि कागदावर काही दिसत नाही." मग विचारत सुटली. कुठला रस्ता? चढ किती? सावकाश की घाईने? मी उत्तरं देत गेलो. गाडीभोवती फिरली, मागचे शॉक ॲब्सॉर्बर दाबून पाहिले.

"एकटे चालवता की दोघं?"

मी म्हटलं, "दोघं."

तोंडातून निघून गेलं. इतकी वर्षं कुणी विचारलं की हेच उत्तर. शॉक ॲब्सॉर्बरही दोघांसाठीच कसलेले आहेत, मी कधी सैल केले नाहीत. ती म्हणाली, "मला वाटलंच. मग पुढच्या शनिवारी दोघंही या. रोलरवर करीन, पण मागे वजन असताना मला ती चढावर ऐकायची आहे. मी मागून येते."

हो म्हणून आलो. आता?

७ मे, सोमवार

डेल्मर म्हणतो, "मी बसतो की मागे! डोक्याला रुमाल बांधतो, तुझ्या कानात किरकिर करतो. कुणाला कळणार?" मागे डेल्मर बसला तर पुढचं चाक जमिनीला लागायचं नाही. खूप हसलो. मग गॅरेजमध्ये जाऊन रडलो.

९ मे, बुधवार

पॉलेटला खरं सांगायला दोनदा फोन हातात घेतला. एकदा तिने उचलला. मी म्हटलं, "शनिवारी किती वाजता?"

१० मे, गुरुवार

जनेलचा फोन. कसा आहेस, काय जेवलास, नेहमीचं. आणि मी बोलून बसलो. एका बाईला सांगितलंय आम्ही दोघं बसतो म्हणून, आता दुसरं माणूस कुठून आणू. म्हटलं, आता ओरडेल — हे काय बाबा, या वयात ट्यूनिंग!

ती ओरडली नाही. म्हणाली, "म्हणजे तू चालवणार आहेस?"

"मग काय, भिंतीवर टांगू?"

"किती वाजता येऊ?"

१२ मे, शनिवार

आली. खिळ्यावरचं हेल्मेट न विचारता काढलं. पट्टा एका भोकाने घट्ट केला, डोकं लहान तिचं. मी दुसरीकडे बघत राहिलो.

पॉलेटने अर्धा दिवस गाडी रोलरवर पळवली. पूर्ण मूठ जेमतेम एकदोनदा. बाकी सगळं अर्ध्यात, पावात, जराशात. पुन्हा पुन्हा. जनेल कानात बोळे घालून दुधाच्या जुन्या कॅनवर बसून होती, हलली नाही. मग रस्त्यावर. पुढे आम्ही, मागे पॉलेट तिच्या गाडीवर.

काउंटी रोड पी. चढ. अर्धी मूठ. आणि गाडी — अशी गेली! धक्का नाही, खोकला नाही. लेलँडच्या वेळची, तीच. सफरचंदाच्या बागा नुकत्या फुटायला लागल्यात. मार्लिस इथे नेहमी माझ्या बरगडीत बोट खुपसायची, बघ म्हणून. जनेल कमरेला धरत नाही, सीटमागच्या लोखंडी पट्टीला धरते. ही मार्लिस नाही हे पाठीला लगेच कळलं. कळलं आणि तरी पाठ गरम होती. वळणावर पोरगी किंचाळली! भीतीने नाही.

वर थांबलो. पॉलेटने हेल्मेट काढलं. जनेलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "मुलगी?" मी मान हलवली. "मला मागच्या सीटवरची धूळ दिसली होती," म्हणाली. "मग, कसं ठेवू? शॉक ॲब्सॉर्बर एकट्यासाठी सैल करू?"

जनेल म्हणाली, "राहू दे तसेच."

खाली कागद मागितला. आकडा ट्रेंटपेक्षा कमी आहे. डेल्मरला सांगायचा नाही.

१८ मे, शुक्रवार

परवा आशीर्वाद. गाडी एक नंबर. पण खाली हुक रिकामा. डेल्मरने पुन्हा विचारलं, मी पुन्हा नको म्हटलं. ट्रेंट बारच्या दारापर्यंत आला होता म्हणे, आम्हाला बघून परत गेला. गेला तर जाऊ दे.

१९ मे, शनिवार

जनेल आली, आत शिरेना. दारातच मूठ उघडली. घंटी!

"बाबा, ट्रेंटने नाही. मीच. ईस्टरला. तू गाडी धुतलेलीस, फोटो काढलेस, आईच्या डागाचे सायलेन्सर उतरवलेस. मला वाटलं विकतोयस. घंटी गाडीबरोबर जायची नाही ना, म्हणून कुणी घेऊन जायच्या आत मी काढली. तुला विचारायचा धीर होईना. गेल्या शनिवारी देणार होते. तेव्हाही नाही झाला."

मी विकू नये म्हणून ती विचारत होती! दर वेळी! आणि मी काय ऐकत होतो!

मी हात पुढे केला. तिने दिली नाही. गुडघे टेकून स्वतः बांधली. सोमवारी ट्रेंटच्या दुकानात जायचं, आणि शुक्रवारी बारमध्ये उभं राहून सगळ्यांसमोर सांगायचं. पण उद्या आधी आशीर्वाद. दोघं.

गाडी ढकलून दारात आणली. वाजली.