काचेतलं घोंगडं

अंथुर्णे, डिसेंबर १९९६

तीर्थरूप आबाजीदाजींना,

धाकट्या मेहुण्याचा, कुंडलिकाचा, पायांवर डोकं ठेवून नमस्कार. बिरोबाच्या कृपेनं इकडं सगळे धडधाकट आहेत. आपला गुडघा आणि रंगूआक्काचा खोकला कसा आहे, ते कळवावं. आपल्या मानसिंगाच्या हळदीला त्याच्या आजोबांचं, आमच्या तात्यांचं, घोंगडं पाठव, असा आपला निरोप येऊन बरेच दिवस झाले. उत्तर का लांबलं ते सविस्तर लिहितो, म्हणजे राग जाईल. (वाढलाच, तर आक्काला वाचून दाखवू नये.)

गेल्या रविवारी सकाळी देवपूजा उरकून मी राजनंदिनीच्या आईच्या शोकेसमधल्या कपबश्या काढून पाटीत भरल्या. त्या कपांतून आजवर कुणी चहा प्यालेलं नाही, हे आपण जाणताच. ती चुलीपासूनच ओरडली, "त्या फुटल्या तर तुमीबी घरात ऱ्हाऊ नका!" पण माझा इलाज नव्हता. पोरगी मागं उभी होती.

आपल्याला माहीत आहेच, शाळेनं निवडलेल्या मुलींबरोबर राजनंदिनी इंग्लंडला जाऊन आली. बाकीच्या मुलींना विमान आवडलं, सरकता जिना आवडला. हिला आवडलं कुठल्याशा खेड्यातलं मेंढपाळांचं म्युझियम. तिथं म्हणे काचेच्या कपाटात मेंढक्याची काठी, लोकर कातरायची कातर आणि कोपऱ्याला फाटलेलं एक काळं घोंगडं आहे. वर दिवा, खाली 'हात लावू नये' अशी पाटी, आणि राखणीला कोट घातलेला माणूस. हिनं त्याला सांगितलं, असलं आमच्या घरी आहे, त्यावर आमची म्हैस व्याली. त्यानं आतून मोठ्या बाईंना बोलावलं. बाईंनी हिचा हात हातात घेऊन सगळं विचारून घेतलं. (ही हकिकत मी चारदा ऐकली. पहिल्या वेळी बाई नुसत्या हसल्या होत्या. चौथ्या वेळी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.)

घरी आल्यावर पिशवी खाली ठेवायच्या आत तिचा पहिला सवाल, "आप्पा, तात्यांचं घोंगडं कुठाय?" ते थंडीमुळं विहिरीवरच्या मोटारीला गुंडाळलं होतं. झटकलं तर उंदराची पिल्लं निघाली. पोर रडायलाच लागली. तेव्हा मी शोकेस रिकामं केलं, घोंगडं आत टांगलं, वर झिरोचा बल्ब लावला आणि पुठ्ठ्यावर माझ्या अक्षरात लिहिलं, 'हात लावू नये. हुकुमावरून.' मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. तात्यांना जन्मात कुणी दिव्याखाली बसवलं नव्हतं.

दुपारी शेजारची नकोशीआजी ताक न्यायला आली. उंबऱ्यात थबकली, पायताण काढलं, कनवटीची भंडाऱ्याची पुडी सोडली आणि काचेवर उधळली. "कुंडलिका, बिरुदेव परगटला व्हय रं घरात?"

राजनंदिनी म्हणाली, "आजी, हा देव न्हाय, म्युझियम हाय."

"आसंल बाई. पर नवसाला पावतंय का?"

संध्याकाळपर्यंत बायकांची रांग लागली. एकानं आजारी शेळी दाखवायला आणली. पोरगी प्रत्येकाला म्युझियम समजावत होती आणि प्रत्येक जण ऐकून घेऊन हात जोडत होता. सोमवारी कुणीतरी शोकेसच्या पायाशी नारळ फोडला आणि काचेला तडा गेला. राजनंदिनीची आई म्हणाली, "माज्या कपबश्यांपुढं कुनी कदी उदबत्तीबी लावली न्हाय!"

त्या संध्याकाळी आरतीनंतर मी काचेसमोर बसलो. काय चुकतंय ते कळेना. मग ध्यानात आलं, वास येत नव्हता. तात्यांच्या घोंगड्याला मेंढरांचा, धुराचा, ओल्या मातीचा वास आहे; तो काचेतून येत नाही. मी पोरीला विचारलं, "तिकडच्या त्या घोंगड्याचा धनी कुठं असतो गं?"

ती म्हणाली, "त्याच्या घरात मेंढरं राखणारं, पांघरणारं कुणी उरलं नसंल, आप्पा. म्हणून तर काचेत ठिवलंय."

"आपला मानसिंग हाय की."

आपल्यात नवरदेव घोंगड्यावर बसल्याशिवाय त्याला हळद लागत नाही, हे तिलाही ठाऊक आहे. सकाळी पाहतो तर शोकेस उघडं आणि घोंगडं उन्हात. तरी द्यायला माझं मन होईना. आणखी चार दिवस विचार करून कळवीन.

आपला,
कुंडलिक

ता. क. चार दिवस लागले नाहीत. पत्र आणि घोंगडं राजनंदिनीच्या हाती देत आहे. घोंगड्याला साबण लावू नये. भंडारा हवा तेवढा लावावा.

ता. क. लग्नानंतर ते परत धाडू नये, एवढीच विनंती. मानसिंगाच्या घरी वापरात राहू द्या. म्हशीखाली घातलं तरी मी विचारणार नाही. (पोरगी विचारील. 'हात लावू नये'ची पाटीही तिनं पिशवीत घातली आहे. नवरदेवाला बसू द्यायला तिला आपणच राजी करावं, माझ्याच्यानं झालं नाही.)

ता. क. आपल्या पणदऱ्याकडं जाणारी एस.टी. आली. वारा गार आहे, म्हणून घोंगडं मीच तिच्या खांद्यावर टाकलं आहे.