दांडीची उंची

बाबा, आई काल पुन्हा पिशवी भरून बसली होती. दोन साड्या, औषधांचा डबा, तुमचा फोटो आणि सगळ्यात वर रुमालात गुंडाळलेला बाळकृष्ण. "माका लालबागला सोड," म्हणाली. "थयच बरी मी." तिथे म्हणजे आपल्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर, जिथे संडासाला जायचं तर अख्खी गॅलरी चालावी लागते आणि जिथल्या जिन्यावरून ती गेल्या वर्षी चार पायऱ्या घसरत खाली आली. हाड मोडलं नाही हे नशीब. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, जा, खुशाल जा, आणि पुढच्या वेळी पडलीस तर मला फोन करू नकोस. असं कुणी आईला बोलतं का? पण तीन आठवडे मी हेच ऐकतेय.

मी काय केलंय ते तुम्हाला माहीत नाही, म्हणून सांगते. माहीमला आमच्या बैठ्या घरामागे सामानाची खोली होती ना, तुम्ही एकदा तिच्यात तुमचं जुनं शिलाई मशीन ठेवायचं म्हणत होतात, ती मोकळी करून मी आईसाठी खोली केली. नुसती रंगरंगोटी नाही. दार इतकं रुंद की उद्या चाकांची खुर्ची लागली तरी अडायला नको. दाराला उंबरठा नाही. गवंडी म्हणाला, "ताई, उंबऱ्याशिवाय घर म्हणजे दुकानच झालं की," आणि माझी पाठ वळली की बसवायचा. दोनदा बसवला, दोनदा मी तो उखडायला लावला. न्हाणीत न घसरणारी लादी, भिंतींना आधाराच्या जाड स्टीलच्या दांड्या, गुडघे फार वाकवायला लागू नयेत म्हणून उंच कमोड. लोकांच्या म्हाताऱ्या आईवडिलांसाठी अशा खोल्यांचे नकाशे काढून देणं हाच माझा धंदा आहे आता, लोक नावाजतात. आणि माझी आई त्या दांडीला हात लावत नाही. बेसिनच्या काठाला धरून उठते. मी ओरडते, "आई, दांडी धर ना, शोभेला लावलीय का?" कमोडवर बसली की पाय अधांतरी, म्हणून तिने गुपचूप एक बादली उलटी घालून ठेवली पायाखाली. ओल्या न्हाणीत बादली! मी ती उचलून अंगणात फेकली.

मी मनाशी पक्कं ठरवून टाकलं होतं की खोट खोलीत नाही, जावयाच्या दारात राहण्यात आहे. तुमचे जावई सकाळी स्वतः तिला चहा नेऊन देतात, तरी ती पदर सारखा करत उभी राहते, ते जाईपर्यंत कपाला हात लावत नाही. मला काय कळत नाही? लेकीकडे दोन दिवस पाहुणचाराला जायचं, मुक्कामाला नाही, हे तिच्या हाडीमाशी भिनलंय. काल तर मी तोंडावर म्हटलं, "लोक काय म्हणतील म्हणून स्वतःची हाडं मोडून घेणार आहेस का तू?" तिने पिशवीची नाडी तेवढी ओढली.

शेवटी मी तिला हाताला धरून न्हाणीत नेलं. म्हटलं, बस, आणि ऊठ माझ्यासमोर, बघू दे मला काय होतंय ते. ती बसली. शाळेच्या बाकावर बसलेल्या पोरीसारखे पाय लोंबत होते. मग तिने दांडीकडे हात नेला आणि कोपर थेट खांद्यापर्यंत वर गेलं. जोर कुठून लावणार? "धरतंय गो मी," म्हणाली, "पण खांदो दुखता." मग म्हणाली, "ह्या तुझ्या बाबांक बरोबर झाला असता." टोमणा नव्हता. खरं तेच सांगत होती.

मला दुकान आठवलं, बाबा. चाळीखालचं तुमचं दुकान, दुकान कसलं, एक मशीन, एक फळी आणि समोरच्या गिरणीतून येणारा मिरचीचा ठसका. मी अकरा वर्षांची आहे. तुम्ही बटणं आणायला गेलाय आणि शेजारच्या चाळीतली एक बाई नवऱ्याची जुनी पँट घेऊन आलीय, याच मापाची शिवा म्हणतेय. मी ऐटीत टेप लावून कंबर, लांबी, मांडी सगळं वहीत उतरवून ठेवते. तुम्ही येता, पान बघता आणि विचारता, "माणूस कुठाय?" मी पँट दाखवते. तुम्ही पान टराटरा फाडता, गिऱ्हाइकासमोर. "हे पँटचं माप झालं. माप अंगावर घ्यायचं." मी रडते. संध्याकाळी तुम्ही मला घेऊन त्या माणसाच्या खोलीवर जाता. तो आजारातून उठलेला, कंबर पुरी चार इंच आत गेलेली.

आणि मी काय केलं? धंद्यात नेहमी लावते त्या ठरलेल्या उंचीवरही मी दांडी लावली नाही. नकाशा बाजूला ठेवून भिंतीपाशी उभी राहिले, खडूने खूण केली, "इथे लावा." गवंडी म्हणाला, "जरा वर होतंय, ताई." मी म्हटलं, मला शिकवू नका. हात आपोआप गेला होता तिथे. तुमची डावी बाजू गेली तेव्हा गॅलरीच्या कठड्यावर तुमचा चांगला हात जिथे टेकायचा, तिथे. तो कठडा धरून, अर्धा भार माझ्यावर टाकून, तुम्ही संडासापर्यंत जायचात आणि वाटेत प्रत्येक दारातून कुणीतरी बघत असायचं, याची तुम्हाला किती लाज वाटायची. एकदा मधेच थांबून म्हणालात, "तू लोकांची घरं काढतेस ना कागदावर? माझ्यासाठी एक खोली काढ. जिना नको." मी म्हटलं, काढते, हातातलं काम संपू दे. ते काम संपायच्या आत तुम्ही गेलात. मला त्याचा राग येतो, बाबा. तुमचा नाही, माझा. आणि तो मी तीन आठवडे आईवर काढला.

काल तुमचा टेप काढला, पितळी टोकाचा. आईला उभं केलं. तुमच्या गिऱ्हाइकांसारखे तिने दोन्ही हात पसरले, मग स्वतःच लाजली. मनगट, कोपर, गुडघा, बसल्यावर टाच. तुमच्या मापांच्या वहीत सगळ्या लालबागची पानं आहेत, आईचं नव्हतं. आता आहे, शेवटचं. तिला विचारलं, पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस? म्हणाली, "तू येवढा केलंस. चुकला म्हणान कसा सांगू?"

आज गवंड्याने खाली नवी दांडी लावली. मेला नुसता हसला. बुटका कमोड उद्या येईल. आईची पिशवी अजून खाटेखाली आहे, पण बाळकृष्ण बाहेर आलाय.

हे पत्र त्याच वहीत घालून ठेवते, दुसरीकडे कुठे ठेवणार? एक मात्र तुम्हालाच सांगते. वरची, तुमच्या हाताच्या उंचीची दांडी मी काढू दिली नाही. आईला सांगितलं, राहू दे, टॉवेल वाळत घालायला होईल. तिने दांडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि टॉवेल नेऊन बाहेर दोरीवर टाकला.