फक्त डावं मनगट

विक्रोळी,
१० सप्टेंबर २०२५, बुधवार

प्रिय मनालीताई,

सप्रेम जय भीम.

घरी सगळं ठीक आहे. आईचा गुडघा दुखतो, पण बाजारात स्वतःच जाते. पप्पांनी नवा चष्मा केला आणि दुसऱ्याच दिवशी त्यावर बसले. तू हसशील म्हणून लिहिलं.

फोन न करता पत्र का, ते तुला कळेल. तुझा फोन मिथुन भाऊजी बघतात. तुझ्या शेजारच्या मशीनवरच्या सुनंदाताईंकडे हे पाकीट देतेय. उद्या साडेअकराला, कामावरच, त्या ते तुझ्या हातात देतील.

अक्षताच्या गळ्यातली पट्टी डॉक्टर सांगेपर्यंत काढू नकोस. कॉलरबोन लहान मुलांचं लवकर जुळतं. काल तू म्हणालीस, पलंगावरून पडली. मी फॉर्मवर तसंच लिहिलं. तुम्ही दोघी गेल्यावर मात्र मी एक्स-रे मशीनवर जुलैचं एक काम उघडलं. तेच तुला सांगायचंय. तीनदा कागद बदलला, तरी सुरुवात चष्म्यापासूनच झाली.

जुलैमध्ये तू तिला मनगटासाठी आमच्या सेंटरला आणलं होतंस, थेट मानखुर्दहून घाटकोपरला. वाटेत चार ठिकाणी एक्स-रे निघतो. "आपल्या माणसाकडे बरं गं," तू म्हणालीस, "तू उगाच काही विचारत नाहीस." मला ते कौतुक वाटलं होतं.

पहिल्या शॉटला अक्षता हलली. मी चौकट मोठी ठेवली होती, त्यामुळे कोपरापर्यंतचा हात आला. मनगट ताजं मोडलेलं होतं. त्याच्या बरंच वर, हाडाच्या मध्यावर एक फुगवटा होता. मोडलेलं हाड आपापलं जुळू लागलं की असा फुगवटा येतो. माझ्या अंदाजाने सहा आठवडे जुना. त्या हाताला कधी प्लास्टर घातलेलं मी पाहिलं नव्हतं.

फॉर्मवर होतं, 'फक्त डावं मनगट'. मी चौकट लहान केली आणि पुन्हा शॉट घेतला. पहिला 'पेशंट हलला' असं कारण टाकून बाद केला. डॉक्टरांकडे दुसरा गेला. त्यांनी जे दिसलं त्याचा रिपोर्ट दिला.

"काय गं, एका मनगटाला दोन शॉट?" आमचा हर्षद म्हणाला. "मशीन सासऱ्याचं आहे काय?" मी हसले.

नियमात माझी चूक निघणार नाही. टेक्निशियनने मत द्यायचं नसतं, मागितलेला भाग द्यायचा असतो. पण बाद केलेला शॉट मशीनमधून जात नाही, वेगळ्या फोल्डरमध्ये राहतो. हे मला तेव्हाही माहीत होतं. म्हणजे गेले एक्कावन्न दिवस तो तिथे होता आणि मी रोज त्याच मशीनवर काम करत होते.

काल तो आमच्या रेडिओलॉजिस्ट डॉ. इरावतींना दाखवला.

"कधीचा?"

"वीस जुलै."

"आणि आज दाखवतेस?"

"हो."

"कोण ही मुलगी?"

"माझी भाची."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "फोन तू करतेस की मी करू?"

मी केला. १०९८ वर, मुलांच्या हेल्पलाइनला. तुझं नाव, पत्ता, मिथुनचं नाव, दोन्ही तारखा सांगितल्या. शेवटी माझंही नाव दिलं.

उद्या अकरा वाजता त्यांची माणसं शाळेत अक्षताला भेटतील. तुला पत्र साडेअकराला मिळेल. वेळ मी मुद्दाम अशी ठेवली. आधी कळलं तर तू तिला घेऊन गावी निघून जाशील असं मला वाटलं. यात मी चुकले असेन तर तोंडावर सांग.

तू मारलंस असं मी म्हणत नाही. तुला माहीत होतं, एवढंच म्हणतेय. मलाही होतं. फक्त मला संध्याकाळी त्या घरात परत जायचं नव्हतं, म्हणून माझं गप्प बसणं तुझ्यापेक्षा वाईट.

जुलैमध्ये तू बाहेर बाकावर होतीस तेव्हा अक्षताने स्क्रीनकडे बोट केलं. "मावशी, यात ढकलणारा दिसतो का?"

"नाही गं. फक्त हाडं दिसतात."

"मग बरं," ती म्हणाली.

माझं उत्तर अचूक होतं. त्या उत्तरावर मी तिला घरी पाठवलं.

आई-पप्पांना सगळं सांगितलंय. माझ्या खोलीत दोन गाद्या घातल्यात. उद्या अकरापासून मी शाळेच्या गेटवर असेन. तू ये. शिव्या द्यायला आलीस तरी ये.

आणि एक. जुलैच्या फॉर्मवर कारण लिहिलंय, 'आज सकाळी शाळेच्या जिन्यावरून पडली'. तू सांगितलंस, मी टाईप केलं. वर तारीखही मीच टाकली.

रविवार होता, ताई.

तुझी,
संघू