राजाची उडी

बाबा, पूजा आटोपली आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर लिहायला बसले. कोरा कागद का घेतला नाही, हे तुम्हाला तरी समजावून सांगावं लागणार नाही; पाठकोरं पान तुम्हीच कधी फेकू दिलं नाहीत.

त्या वर्षी प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर दोनच्या क्लबात बुद्धिबळाची स्पर्धा होती. तुम्ही प्लांटमधले क्लर्क, समोर कॉलेजकडून खेळून आलेला तरुण इंजिनियर. तुमच्या ऑफिसातले काका म्हणाले, "चहा येईस्तोवर आटपते ह्यायचा डाव." चहा आला, गारही झाला, अन् तुम्ही आपले बसूनच. इंजिनियर साहेबांनी बाह्या वर सारल्या. मी तुमच्या खुर्चीमागे, फ्रॉकचा पट्टा चावत. तुमचा राजा कोपऱ्यात अडकलाय, पुढच्या चालीला मात ठरलेली. आणि तुम्ही शांतपणे राजा उचलता, घोड्यासारखा अडीच घरं उडवून बाहेर ठेवता. घरी आपण तसंच खेळायचो ना, एकदाही शह न बसलेल्या राजाला एक उडी माफ! मी टाळ्या वाजवल्या. अख्ख्या हॉलमध्ये माझ्या एकटीच्या.

"बाबूजी, ये गाँव का चबूतरा नहीं है," पंच म्हणाले आणि लोक हसले. स्पर्धेच्या नियमात ती उडी नव्हतीच, आणि राजाला हात लावला म्हणून राजाच हलवावा लागला. एकच घर मोकळं होतं, तिथे गेल्याबरोबर मात झाली. तुम्ही साहेबांशी हात मिळवलात. हसणाऱ्यांकडे नाही, माझ्याकडे पाहिलंत.

परतताना सायकलवर बसलाच नाहीत, ती हाती धरून चाललात. "माह्या बाबानं मले असंच शिकवलं व माय. त्यायले खोटं कसं म्हनू?" एवढंच बोललात. दुसऱ्या दिवशी मी पट मांडून हाक मारली, तर म्हणालात, "नको बेटा, तुले चुकीचंच शिकवीन मी." आई चुलीपासून ओरडली, "चुकीचं त चुकीचं, बसा न तिच्यासंग!" तुम्ही पेपर उघडलात. मग तुम्ही जाईपर्यंत आपण एकाच खोलीत असायचो, तुम्ही पेपरामागे, मी पुस्तकात.

हे पान कुठे पाठवणार? निर्माल्यासोबत शिवनाथ नदीत सोडीन. एक मात्र तुम्हाला कधी सांगितलं नाही. बुद्धिबळ मला फारसं आवडायचंच नाही, बाबा. तुम्ही मांडी घालून समोर बसायचात, म्हणून मी प्यादी ढकलत राहायचे.