झोपाळ्यासाठी मशीन

८ फेब्रुवारी, रविवार

प्रिय बाळ्या,

अनेक आशीर्वाद. गुडघे सोडले तर मी ठणठणीत आहे. तुझं पत्र पोचलं. निवृत्त झालास, गॅरेज रिकामं केलंस आणि आता वेल्डिंगचा छंद लागलाय म्हणतोस. नातीसाठी लोखंडी झोपाळा करणार! ‘शेवटी बाबांचंच रक्त’ हे वाचून मी वर्कशॉपमध्ये एकटीच हसत सुटले. कामगारांना वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं.

आता मशीनचं. इन्व्हर्टरचं घे, जुनं ट्रान्सफॉर्मरचं धूड हलवताना तुझी कंबर जाईल. दोनशे अँपिअरचं पुरे. पण स्वस्तातलं बघून भुलू नकोस. वर दोनशे लिहिलेलं असतं आणि निम्मे देतानाही त्याचा जीव जातो. दुकानातच जाड पट्टीवर रॉड चालवून बघ आणि तो सांधा हातोडीने मोडून बघ. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे.

करंट कमी पडला की धातू आत शिरतच नाही, नुसता वर बसतो. दिसतो मात्र झकास. ग्राइंडर फिरवून रंग मारला की बघणारा म्हणतो, वा!

गच्चीच्या कठड्याला बाबाही वा म्हणाले होते. तसलंच मशीन आणून तू तो हट्टाने केलास. मी म्हटलं, एकदा तपासू दे. तर म्हणालास, “ताई, तुला माझं काही चांगलं बघवतच नाही.” बाबांनी तुझीच बाजू घेतली. येईल त्या पाहुण्याला गच्चीवर न्यायचे आणि कठड्याला टेकून तुझं कौतुक सांगायचे.

बाबा गच्चीवरून पडले तेव्हा त्यांना चक्कर आली नव्हती रे. मी खाली धावले तेव्हा कठड्याचा पाइप त्यांच्या हातातच होता. वेल्डिंगचा टाका खपलीसारखा सुटलेला, आतलं लोखंड कोरं. दवाखान्यात माझा हात धरून म्हणाले, “बाळ्याला कळू देऊ नकोस. चक्कर आली म्हण.” तू परगावाहून पोचायच्या आत मी नवा पाइप जोडून तुझाच रंग मारला. वर्कशॉप मी चालवत होते, त्यांचं औषधपाणी मी करत होते, आणि शेवटचं बोलणं तुझ्यासाठी. मला एक शब्द नाही.

इतकी वर्षं तोंड शिवून बसले. नातीच्या काळजीने सांगतेय असं म्हणता आलं असतं, पण खोटं कशाला बोलू? ते ‘बाबांचंच रक्त’ वाचलं आणि राहवलं नाही. लिहिताना बरं वाटतंय.

बाबांचं वेल्डिंगचं हेल्मेट मागितलंस. ते मिळणार नाही, मी वापरते. तो तुटका पाइप मात्र ठेवला होता, कालच कुरिअरने पाठवलाय. तुझ्याकडे नाही, तुझ्या लेकीकडे. कशाचा आहे तेही तिला सविस्तर लिहिलंय. तिच्या पोरीसाठी झोपाळा करणार, तर तिला विचारायला हवंच ना.

मशीन कुठलं घेतोस ते कळव.

बाबांची नावडती आणि तुझी एकुलती एक,
ताई